आधी ‘आणि’ शोधा: वडिलांच्या फ्लॉपीतलं मराठी बाहेर कसं काढायचं

प्रश्न असा आला आहे: “माझे वडील मुख्याध्यापक होते. १९९९ साली त्यांनी आपल्या आठवणी शालिमारजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुस्तक निघायचं राहूनच गेलं आणि आता वडीलही नाहीत. घरात सात फ्लॉप्या, एक सीडी आणि स्पायरल बाइंडिंग केलेली एक प्रिंट आहे. सीडीवरच्या काही वर्डच्या फाइल उघडतात, पण त्यात इंग्रजी अक्षरं आणि डॉलरच डॉलर दिसतात. बाकीच्या उघडतच नाहीत. भाऊ म्हणतो, फाइल करप्ट झाल्यात, सगळं नव्याने टाइप करून घेऊ. खरंच काही उरलं नाही का?” (इंदिरानगर, नाशिक)

ताई, भावाला थांबवा. डॉलर दिसतायत ना, मग वडिलांचा मजकूर जागेवर आहे. फाइल खरोखर बिघडली की वर्ड ती उघडायलाच नकार देतो, नाहीतर चौकोन आणि रिकाम्या ओळी दाखवतो. सगळीकडे नेमाने डॉलर येत असतील तर ती श्री-लिपी या तेव्हाच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरची खूण आहे. त्या घराण्यातल्या फॉन्टांत ‘क’ दोन तुकड्यांत बसवलेला असतो. डावा भाग मोठ्या एचच्या जागी आणि उजवीकडची शेपूट डॉलरच्या जागी. ‘केला’, ‘कोण’, ‘कसा’, ‘एकदा’ असं साधं मराठी लिहिलं तरी पानभर डॉलर पडतात.

असं का, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मी १९९६ ला मेन रोडच्या एका बोळात डीटीपीला बसलो. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिकांक, निवडणुकीची पत्रकं, आणि रामकुंडावर दशक्रिया होत असल्यामुळे संध्याकाळी दिलं की सकाळी हवं असणारे शोकसंदेश. तेव्हाच्या विंडोजला देवनागरी हा प्रकारच ठाऊक नव्हता. तिला इंग्रजी ए, बी, सी कळायचं. मग मराठी सॉफ्टवेअरवाल्यांनी युक्ती केली. ‘ए’च्या घरात ‘अ’चं चित्र ठेवलं, ‘एम’च्या घरात काना ठेवला. फॉन्टात सगळी मिळून २५६ घरं, त्यातली बरीच आधीच अडलेली. आपली जोडाक्षरं त्यात कुठे मावणार? म्हणून अर्धा ष, अर्धा ण, नुसता दंड, नुसती शेपूट असे सुटे भाग ठेवले आणि खिळे जुळवावेत तसे ते शेजारी-शेजारी लावून अक्षर उभं केलं. कागदावर उत्तम दिसायचं. फाइलमध्ये मात्र वडिलांनी लिहिलेला ‘आ’ कधी गेलाच नाही. तिथे मोठा ए आणि छोटा एम असे दोन इंग्रजी वर्ण गेले.

पर्याय नव्हता असं नाही. अक्षरालाच क्रमांक देणारं इस्की हे भारतीय प्रमाणक होतं, १९९१ ला त्याची सुधारित आवृत्ती आली. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाची, पहिली आवृत्ती निघाली आणि त्यातला देवनागरीचा १२८ घरांचा पट्टा इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरूनच आखलेला आहे. पण आमच्या टेबलापर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आलं ते विंडोज २००० पासून, आणि आम्ही पानं ज्यात लावायचो त्या पेजमेकरला ते शेवटपर्यंत जमलं नाही. त्यामुळे १९९९ च्या त्या डीटीपीवाल्याने तुमचं काही वाईट केलेलं नाही. मीही तेच केलं असतं, आणि केलंच, शेकडो लोकांसाठी.

आता कामाचं. पहिलं काम म्हणजे कुठला फॉन्ट आहे ते नक्की करणं. वर्डच्या फाइलमध्ये त्या इंग्रजी गिचमिडीवर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या नावाची चौकट वाचा. फॉन्ट तुमच्या संगणकावर नसला तरी फाइलला त्याचं नाव आठवत असतं. तिथे ‘श्री-देव’ आणि पुढे आकडा दिसला तर प्रश्न मिटला. पण मधल्या काळात कुणीतरी उघडून सेव्ह केलेली फाइल असेल तर नावाच्या जागी टाइम्स न्यू रोमन येऊन बसलेला असतो. तेव्हा माझी जुनी पद्धत वापरा: ‘आणि’ शोधा. ‘आणि’ नाही असं मराठी पान मला अजून भेटलेलं नाही.

श्री-लिपीत ‘आणि’ म्हणजे मोठा ए, छोटा एम, उघडता महिरपी कंस, मोठा यू. कृतिदेव या दुसऱ्या जुन्या फॉन्टात तोच शब्द छोटा व्ही, छोटा के, छोटा एफ, टिंब आणि परत छोटा के असा येतो. टिंब म्हणजे अर्धा ण, के म्हणजे दंड, दोन्ही मिळून ण. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधले सुरेख, योगेश वगैरे फॉन्ट असतील तर सुरुवात अधिकच्या चिन्हाने होते आणि डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला मोठा ई पानभर नाचत असतो, कारण तो दंड आहे आणि दंड आपल्याकडे कुठे नसतो! सरकारी कचेऱ्यांतून आलेली जुनी फाइल असेल तर मी आधी तो ई शोधतो. प्रिंट तुमच्या हातात आहेच. तिच्यातलं एक वाक्य घ्या, फाइलमधलं तेच वाक्य समोर ठेवा, पाच मिनिटांत उलगडा होईल.

इथे एक सापळा आहे. तुमच्या ओळखीतला कुणीतरी तो जुना फॉन्ट पेनड्राइव्हवर आणून देईल, तो टाकला की पान झर्रकन मराठीत दिसायला लागेल, आणि सगळे म्हणतील, झालं काम. झालं नाही. तीच फाइल फोनवर पाठवा, परत डॉलर. त्यात ‘त्र्यंबक’ शोधा, सापडणार नाही. फॉन्ट टाकून घ्या जरूर, प्रिंटशी ताडून बघायला तो लागतोच, पण त्याचा उपयोग तेवढाच.

फ्लॉप्यांबद्दल मी जरा हळवा आहे. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला पूर आला, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, सराफ बाजारात पाणी शिरलं. त्या आठवड्यात माझ्याकडे गाळात भिजलेल्या सीड्या आणि फ्लॉप्यांचे खोके आले होते. सीड्या पुष्कळशा धुऊन वाचल्या. फ्लॉप्या मात्र ज्यांनी घाईने पंख्याखाली वाळवून तशाच ड्राइव्हमध्ये घातल्या त्यांच्या गेल्या, आतला वाळका गाळ चकतीवर घासला गेला. तुमच्या भिजलेल्या नाहीत, पण नाशिकच्या पंचवीसएक पावसाळ्यांची बुरशी आत असू शकते. फ्लॉपी उलटी धरून मधली धातूची गोल चकती बोटाने फिरवा आणि सरकपट्टी सरकवून आतली काळी फिल्म उजेडात बघा. पांढुरके डाग असतील तर घालू नका, माणसाकडे न्या.

स्वच्छ असतील त्यांच्यासाठी यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह अजूनही मिळतो. घालण्याआधी कोपऱ्यातली छोटी प्लॅस्टिकची खिटी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद, ही गोष्ट लोक उलटी लक्षात ठेवतात. आणि विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. कितीही वेळा विचारलं तरी ‘नाही’. वाचता येत नसलेल्या फ्लॉपीला विंडोज असंच विचारते, आणि त्या एका होकारापायी माझ्या डोळ्यांसमोर एका गृहस्थांची सगळी कुळकथा पुसली गेली आहे. फाइल एकेक करून ओढत बसण्यापेक्षा अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा एका फाइलमध्ये घ्यावी. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे काम फार समजूतदारपणे करतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी परत तिथे येऊन प्रयत्न करतं. एक फ्लॉपी १.४४ एमबीची. साती मिळून तुमच्या फोनमधल्या दोन-तीन फोटोंएवढी होतील.

सीडीबद्दल एकच. खरवड खालच्या बाजूला असेल तर फार घाबरू नका, वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असेल तर घाबरा. माहितीचा पातळ थर त्या बाजूला, लाखेच्या जेमतेम थराखाली असतो. त्यामुळे वर बॉलपेनने काही लिहू नका.

उघडतच नाहीत म्हणता त्या फाइल बहुतेक पेजमेकरच्या असाव्यात. नावापुढे ‘पी६५’ किंवा ‘पीएमडी’ असेल. पहिली म्हणजे पेजमेकर ६.५, दुसरी ७. मोफत वाट लिब्रेऑफिसची, ते वर्डसारखंच पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ते पेजमेकरच्या फाइल उघडतं. पानाची मांडणी थोडी विस्कटेल, पण तुम्हाला मांडणी कुठे हवी आहे, मजकूर हवा आहे. दुसरी वाट इनडिझाइन सीएस६, पेजमेकरच्या जागी आलेलं पानं लावायचं सॉफ्टवेअर. एखाद्या जुन्या छापखान्यात ते अजून एका कोपऱ्यात चालू असतं, आणि ते का ठेवतात ते कळून घेण्यासारखं आहे. पेजमेकरची फाइल उघडणारं ते शेवटचं इनडिझाइन, आणि आपल्या लिप्या युनिकोडमध्ये धड जुळवणारं ते पहिलं. २०१२ ची ती एक आवृत्ती म्हणजे दोन्ही काठांना पाय टेकलेला पूल आहे. त्याच्या नंतरच्या आवृत्त्या जुनी फाइल ओळखत नाहीत.

मजकूर बाहेर काढताना नुसता साधा टेक्स्ट काढू नका, आरटीएफ किंवा वर्डमध्ये काढा. कारण साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव पुसलं जातं. वडिलांनी मध्येच इंग्रजीत ‘इन्स्पेक्टर’ असं लिहिलं असेल तर कन्व्हर्टरला, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या साधनाला, ते खरं इंग्रजी आहे की वेषांतर केलेलं मराठी हे कसं कळावं? तो त्याचंही मराठी करतो आणि वाचणाराला वाटतं, गुरुजींनी मोडीत काही लिहिलंय. फॉन्टाचं नाव शिल्लक असलं की इंग्रजी फॉन्टातला भाग सोडून द्यायला सांगता येतं. आणखी एक, मूळ फाइलमध्ये बसून दुरुस्ती करू नका. वर्डला ती इंग्रजी वाटते. तुम्ही काही टाइप केलंत की तो वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, आणि इथे प्रत्येक बदलाचं दुसरं मराठी अक्षर होतं.

आता खुद्द रूपांतर. मोफत कन्व्हर्टर पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची पंचाईत एकाच जागी होते. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी ठेवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफार बरोबर उलटा, तिकडे नंतर आणि इकडे आधी. म्हणजे कन्व्हर्टरला या दोघांना उचलून योग्य जागी न्यावं लागतं, आणि दोन्ही एकाच अक्षरावर आले की भलेभले अडखळतात. म्हणून कन्व्हर्टर निवडताना मी ‘वार्षिक’ हा शब्द घालून बघतो. मुख्याध्यापकांच्या आठवणींत वार्षिक परीक्षा, वार्षिक संमेलन असणारच. मग ‘वर्षांत’, मग ‘ब्रह्मगिरी’, मग ‘त्र्यंबकेश्वर’. चारही नीट उतरले तर तो कन्व्हर्टर घरात घ्यायला हरकत नाही.

शेवटची परीक्षा ‘दऱ्या’ची. बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात आणि हिंदीला आपला हा आडवा, पापणीसारखा र लागत नाही. ते सरळ रफार देतात आणि अंजनेरीच्या दऱ्यांचा दर्या होतो. याच्यावर मी एकदा हुशारी केली होती. एका संस्थेच्या स्मरणिकेचा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणला, सगळीकडे ‘करणार्या’, ‘जाणार्या’ झालेलं. रात्रीचे अकरा वाजलेले. मी ‘र्य’ शोधून सगळीकडे एका फटक्यात ‘ऱ्य’ केलं आणि घरी गेलो. छापून आल्यावर पहिल्याच पानावर ‘सूऱ्य’, खाली ‘काऱ्यकारी मंडळ’, आणि अध्यक्षीय मनोगतात आचार्यांच्या आशीर्वादाच्या जागी ‘आचाऱ्यांचे आशीर्वाद’. अध्यक्ष विनोदी होते म्हणून निभावलं. म्हणाले, जेवण चांगलं होतं, आभार मानायला हवेतच. तेव्हापासून ‘र्य’ आला की मी एकेक थांबून बघतो. ‘सगळे बदला’ हे बटण मराठीसाठी केलेलं नाही.

रूपांतर झाल्यावर एक शोध जरूर घ्या. ‘आई’ हा शब्द शोधा. माझ्याकडे आलेल्या एका आत्मचरित्रात तो शून्य वेळा सापडला होता, आणि पहिलं प्रकरणच आईवर होतं. कारण कन्व्हर्टरने ‘आ’ हे एक अक्षर न देता ‘अ’ आणि काना असे दोन जोडून ठेवले होते. जुन्या फॉन्टात तसेच असतात ना, ए आणि एम. डोळ्याला फरक कळत नाही, संगणकाला कळतो. ‘ओ’ आणि ‘औ’चंही तसंच. हे मात्र ‘सगळे बदला’ने बिनधास्त दुरुस्त करा, ‘अ’ला काना लावलेला मराठीत दुसरीकडे कुठे येत नाही. ‘ॲडव्होकेट’, ‘ॲडमिशन’मधल्या ॲ लाही हाच रोग आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं २००८ साली, त्याआधीची साधनं अ वर चंद्र ठेवून वेळ मारून नेतात.

मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर दचकू नका. टाइप करणाऱ्याने घाईत अनुस्वार दोनदा मारलेला असतो. कागदावर एकावर एक बसल्याने कुणाला दिसला नाही, युनिकोड मात्र दुसरा अनुस्वार बेवारस म्हणून वर्तुळावर बसवून दाखवतं. एक काढून टाका.

तुमच्याकडे प्रिंट आहे ही खरी श्रीमंती, आणि ती फक्त ताडून बघायला वापरू नका. ती ३०० डीपीआयवर स्कॅन करून तिचाही मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाने, काढा. गुगल ड्राइव्हमध्ये मराठी ओसीआर आहे, टेसरॅक्ट नावाचं मोफत साधन आहे, तेही मराठी वाचतं. म्हणजे तुमच्या हातात एकाच पुस्तकाचे दोन मजकूर आले, एक फाइलमधून, एक कागदावरून. आता वर्डच्या ‘कंपेअर’मध्ये दोन्ही घाला. कन्व्हर्टर रफार आणि वेलांटीत चुकतो, ओसीआर घ-ध, थ-य, भ-म असल्या जुळ्यांत चुकतो. दोघे एकाच शब्दात एकच चूक क्वचितच करतात. जिथे दोघांचं पटत नाही तेवढ्याच जागा लाल होऊन समोर येतात आणि तिथे प्रिंट उघडून न्याय द्यायचा. वीस वर्षांत मला यापेक्षा बरी पद्धत सापडलेली नाही.

तरी एक वाचन माणसानेच करायचं, तेही मोठ्याने. एकाने प्रिंट वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर नजर ठेवायची. आईंना शक्य असेल तर प्रिंट त्यांच्याकडे द्या. दिवसाला पंधरा-वीस पानांच्या वर जाऊ नका, नंतर डोळे स्वतःच शब्द भरून वाचायला लागतात. यात एक पथ्य आहे. वडिलांची शाळा जुनी असेल तर ते ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केव्हां’ असं लिहीत असतील. १९६२ चे शुद्धलेखनाचे चौदा नियम यायच्या आधी ते शिकलेले असतील तर ती चूक नाही, ते त्यांचं वळण आहे. कन्व्हर्टरच्या चुका काढा, वडिलांच्या ठेवा. कुठली कोणाची हे प्रिंट सांगेल.

छापायला द्याल तेव्हा फाइलची भाषा ‘मराठी’ अशी नेमून द्या, हिंदी राहू देऊ नका. फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, राज्य सरकारने २००९ च्या निर्णयात ठरवून दिलेले. फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. आयआयटी मुंबईचा शोभिका पुस्तकाच्या मजकुराला देखणा आहे आणि मोफत आहे.

आणि हो, चौथ्या फ्लॉपीची पत्र्याची सरकपट्टी वाकलीये असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती तशी ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकली तर बाहेर काढताना ड्राइव्हचं हेड उपटून आणेल. ती पट्टी नखाने अलगद उचलून सरळ काढून टाका, आतली छोटी स्प्रिंग उडून जाईल, जाऊ द्या. पट्टीवाचून फ्लॉपी चालते. फक्त आतल्या काळ्या फिल्मला बोट लावू नका, आणि ती फ्लॉपी सगळ्यात शेवटी घाला.